पाटी संगमरवरी, ग्रंथपाल हंगामी

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात वर्गणी मागायला आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून रिकाम्या हाताने परत पाठवायची रीत नाही. अप्पाचीवाडी-कुर्लीच्या हालसिद्धनाथाची यात्रा असो, उरूस असो, जैन बस्तीतली पूजा असो की तालमीच्या छपराचे पत्रे. पावतीपुस्तक दारात आलं की घरधनी आधी चहा सांगतो आणि मग आकड्यावर घासाघीस करतो. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर तीन आठवड्यांहून जास्त काळ ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकऱ्यांचा जीव गेला. पण तोवर रस्त्यावर वसलेल्या त्या आंदोलननगराचं पोट ज्या भाकऱ्यांवर चाललं, त्या आसपासच्या गावांनी थापून पाठवलेल्या होत्या. म्हणून ‘आमच्याकडं चांगल्या कामाला पैसा उभा राहत नाही’ हे रडगाणं कुणी गायला लागलं की मला ते खरं वाटत नाही. पैसा उभा राहतो. वाचनालयासाठीसुद्धा राहतो. अडचण त्याच्या पुढची आहे, आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही.

या भागातल्या वर्गणीचा संवाद साधारण ठरलेला असतो.

“अण्णा, वाचनालयाची इमारत काढतोय. तुमचं नाव लिहू का?”

“लिही की. पाटलांनी किती दिलंय?”

“अकरा हजार.”

“मग माझं पाच लिही. आणि पाटीवर नाव येणार न्हवं?”

पाटीवर नाव येणार असतं. दाराशेजारी काळ्या किंवा पांढऱ्या संगमरवरावर देणगीदारांची उतरंड कोरली जाते: वर लाखवाले, मध्ये पंचवीस हजारवाले, खाली बारीक अक्षरात पाच हजारवाले. पाच हजारांखालच्यांची नावं अहवालाच्या शेवटच्या पानांवर जातात. यात हसण्यासारखं काही नाही. माणसाला आपलं नाव दगडावर बघायला आवडतं, आणि या आवडीवर महाराष्ट्रातल्या-कर्नाटकातल्या निम्म्या शाळा, धर्मशाळा आणि दवाखाने उभे आहेत. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘ग्रंथपालाच्या मार्च महिन्याच्या पगारासाठी अमुक यांच्याकडून’ असं कोरलेली पाटी मी आजवर पाहिलेली नाही. वीजबिलासाठी देणगी देऊन कुणी दगडावर गेलेलं नाही. वीट कायमची दिसते, पगार महिनाअखेरीला संपतो. त्यामुळे देणारा विटेला देतो आणि मागणाराही विटेलाच मागतो.

समजा, चिकोडीत नवं सार्वजनिक वाचनालय काढायचं ठरलं. हिशेब अंदाजाचा आहे, पण कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. कुणीतरी जागा दिली असं धरू. हजार चौरस फुटांचं साधं बांधकाम, चौरस फुटाला दोन हजार रुपयांनी, म्हणजे वीस लाख. कपाटं, टेबलं, खुर्च्या, पंखे पाच लाखांत बसवू. पंचवीस लाख हा आकडा ऐकून चिकोडीतला कुणी व्यापारी, कुणी पतसंस्थेचा चेअरमन दचकणार नाही. दोन वर्षं हिंडलं तर हा पैसा उभा राहील.

आता दारं उघडल्यानंतरचं पाहू. ग्रंथपालाला महिना पंधरा हजार दिले, आणि हा आकडा लिहितानाही संकोच वाटतो, तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. मदतनिसाला सहा हजारांनी बहात्तर हजार. वर्तमानपत्रं आणि मासिकं तीस हजार, नवी पुस्तकं पन्नास हजार, वीज-झाडलोट-दुरुस्ती अडतीस हजार. एकूण तीन लाख सत्तर हजार. जमेला काय? तीनशे वर्गणीदार महिना तीस रुपयांनी धरले तर एक लाख आठ हजार. दरवर्षीची तूट दोन लाख बासष्ट हजार. ती व्याजातून भागवायची तर सात टक्क्यांनी सदतीस लाखांची कायम ठेव हवी. म्हणजे इमारतीहून मोठी रक्कम आधी बँकेत टाकून तिच्याकडे पाठ फिरवायची आहे. एवढं गणित पायाभरणीच्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही. फटाके वाजतात, आमदार नारळ फोडतात, आणि तीन वर्षांनी तोच हॉल लग्नाच्या बैठकीला भाड्याने जातो.

अँड्र्यू कार्नेगीला ही मेख शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळली होती. स्कॉटलंडमधल्या एका गरीब विणकराचा हा मुलगा अमेरिकेत पोलादसम्राट झाला आणि त्याने जगभरात अडीच हजारांवर वाचनालयांच्या इमारतींना पैसा दिला. त्यातल्या सोळाशेहून अधिक एकट्या अमेरिकेत आहेत. पण चेक फाडण्याआधी त्याचा चिटणीस गावाला दोन गोष्टी विचारी. जागा कोण देणार? आणि इमारतीला जेवढे देऊ त्याच्या एक दशांश रक्कम नगरपालिका दरवर्षी करातून वाचनालयावर खर्च करणार का? ‘हो’ असा ठराव हातात आल्याशिवाय पैसा सुटत नसे. काही गावांनी कर नको म्हणून वाचनालय नाकारलं, तर काहींनी कार्नेगीच्या कारखान्यांत मजुरांचे जे हाल झाले ते आठवून त्याच्या पैशालाच हात लावला नाही. आपल्या वरच्या हिशेबात वर्षाचा खर्च इमारतीच्या एक दशांशाच्या जवळपास दुप्पट येतो, तेव्हा कार्नेगीचा दशांश आज पुरायचा नाही. त्याचा प्रश्न मात्र अजून बरोबर आहे.

आपल्या लोकांना दाखला घरातलाच हवा असेल तर बडोद्याकडे बघावं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १९०६ पर्यंत त्यांनी सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण नेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटल्यावर वाचायला काहीच नसेल तर शिकलेलं अक्षर चार वर्षांत पुसलं जातं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती वाचनालय उभं राहिलं, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव फिरवली गेली. हे सगळं पुस्तकात वाचायला मिळतं. मला त्यातला खरा डाव वाटतो तो पैशाच्या वाटणीचा. गावाने वाचनालयासाठी जेवढे जमवले तेवढेच स्थानिक मंडळाने घालायचे आणि तेवढेच सरकारने. तीन हिस्से. आणि हे एकदाच नाही. गावाने यंदा जमवले तर यंदा मिळणार, पुढच्या वर्षी जमवले तर पुढच्या वर्षी. इमारतीलाही हाच तिसऱ्या हिश्शाचा नियम. राजा सगळं फुकट देऊ शकला असता. त्याने दिलं नाही, कारण फुकट मिळालेलं वाचनालय गाव सरकारी कचेरी समजतं आणि निव्वळ स्वतःच्या खिशातलं वाचनालय दोन पिढ्यांत थकतं. गावाची वर्गणी आणि सरकारचा कर दोन्ही एकाच दावणीला बांधायची ही अक्कल होती.

आमच्याकडे ती दावणच तुटली, आणि तुटली ती १९५६ साली.

तोवर चिकोडी, निपाणी, बेळगाव मुंबई राज्यात होते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पुण्यातलं नगर वाचन मंदिर त्याच वर्षीचं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर त्यानंतर दोन वर्षांनी निघालेलं. रत्नागिरी आणि नाशिक यांचा मान याही आधीचा. ही सगळी वाचनालयं एका घडणीची: चार वकील, दोन मामलेदार, एखादा साहेब, वर्गणीदारांची यादी, दाखल नोंदवही आणि दरसालची सर्वसाधारण सभा. १९३९ मध्ये मुंबई सरकारने असफ अली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सुचवलेल्या योजनेनुसार सरकारने नवी वाचनालयं बांधण्यापेक्षा लोकांनी काढलेल्यांनाच जिल्हा, तालुका अशी मान्यता देऊन अनुदान द्यायचं ठरलं. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. हिंदुस्थानातला तो पहिला. मद्रासचा गाजलेला कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो कायदा कागदावरच राहिला. चिकोडीपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर देशातला पहिला ग्रंथालय कायदा झाला होता, हे आमच्या भागात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात फैजी समितीची वाट पुढे चालवली: वाचनालय लोकांचं, संस्था नोंदलेली, वर्ग अ-ब-क-ड, सरकारचं अनुदान. कर नाही. म्हैसूरने १९६५ च्या कायद्यात मद्रासची वाट धरली: वाचनालय सरकारी खात्याचं, खर्च उपकरातून. दोन्ही वाटांना आपापले खड्डे आहेत. महाराष्ट्रातल्या अकरा हजारांवर वाचनालयांपैकी बऱ्याच ठिकाणी ग्रंथपालाचं मानधन शेतमजुरापेक्षा कमी आहे; २०२२ मध्ये अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं तरी ओरड संपली नाही, आणि २०१२ नंतर बरीच वर्षं नव्या वाचनालयांना मान्यताच मिळेना. कर्नाटकात पैसा आहे, पण तो वाटेत मुरतो. एकट्या बंगळूर महापालिकेकडे ग्रंथालय खात्याच्या उपकराची शेकडो कोटींची थकबाकी साचल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या.

सीमेवरच्या मराठी वाचकाच्या वाट्याला मात्र दोन्ही वाटांचे खड्डेच आले. त्याचं वाचनालय घडणीने मराठी पद्धतीचं, म्हणजे संस्थेचं. राज्य कर्नाटकचं, जिथे संस्थेच्या वाचनालयाला जागाच फार थोडी. निपाणीच्या वेशीला चिकटून अर्जुननगर आहे. १९६० च्या सुमारास तिथे देवचंद कॉलेज निघालं. पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. निपाणीतली पोरं चालत कॉलेजला जातात आणि महाराष्ट्रात शिकून जेवायला कर्नाटकात येतात. कॉलेजला जे साधलं ते वाचनालयाला कसं साधणार? वाचक म्हातारा असतो, संध्याकाळी चपला घालून दोन गल्ल्या चालतो. त्याच्यासाठी अनुदान मिळावं म्हणून कुणी वाचनालय वेशीपलीकडे नेऊन ठेवणार नाही.

आता उपकराचं बघा. चिकोडी किंवा निपाणी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती हातात घ्या. कन्नडमध्ये छापलेली असते, आकडेही बहुधा कन्नड. मूळ घरपट्टीखाली चार बारीक ओळी येतात: आरोग्य, शिक्षण, ग्रंथालय आणि भिक्षेकरी. चार उपकर. ग्रंथालयाचा दर रुपयाला सहा पैसे. दोन हजार घरपट्टी असेल तर एकशे वीस रुपये. महिन्याला दहा रुपये झाले. गावातला प्रत्येक घरमालक, त्याला वाचता येवो न येवो, वाचनालयाचा वर्गणीदार आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. तोच माणूस रात्री पावतीपुस्तक घेऊन आलेल्या पोरांना पुन्हा पाचशे देतो. पाचशे दिल्याचा त्याला अभिमान असतो. एकशे वीस कुठे गेले हे मात्र तो विचारत नाही.

विचारायला हवं, आणि ते भांडणाच्या सुरात नको. कर्नाटकाने गेल्या काही वर्षांत या बाबतीत चांगलं काम केलं आहे, हे मराठी दिवाळी अंकात लिहायला कुणाला जड वाटू नये. गावपातळीवरची पाच हजारांवर वाचनालयं ग्रंथालय खात्याकडून पंचायत राज खात्याकडे आली. २०२० च्या नोव्हेंबरात, शाळा बंद असताना, ‘ओदुव बेळकु’ ही मोहीम सुरू झाली. शाळकरी मुलांना फुकट सभासद करून घेतलं गेलं. रंगवलेल्या भिंती, बुटकी कपाटं, संगणक, अपंगांसाठी उताराची वाट असं रूप बऱ्याच गावांत दिसू लागलं आणि नाव झालं ‘अरिवु केंद्र’. तिथले देखरेखनीस वर्षानुवर्षं अर्धवेळ, तुटपुंज्या मानधनावर राबत आले, ही जुनी जखम तिथेही आहेच. पण गावाच्या मध्यभागी सरकारी खर्चाने चालणारी, पोरांनी भरलेली खोली आहे. तिथे पहिली भाषा कन्नड असणार, हेही उघड आहे. राज्याची भाषा ती आहे.

मग लोकवर्गणीचं वाचनालय कशासाठी? माझ्या मते एवढ्याचसाठी, की सरकारी खोलीत जे मिळणार नाही ते इथे मिळावं. सायंकाळी सातनंतर उघडं दार. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मध्यरात्रीपर्यंत बसायला जागा. मराठी कादंबऱ्या, दिवाळी अंक, जुने बांधलेले खंड. एखाद्या लेखकाच्या गावात त्याची सगळी पुस्तकं एका कपाटात. निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले; मोटारींवरची आणि तंबाखूतली माणसं त्यांनी मराठीत आणली. त्यांची सगळी पुस्तकं एकत्र बघायला मिळावीत अशी जागा पुण्या-मुंबईआधी निपाणीत, चिकोडीत हवी. खात्याच्या खरेदी यादीतून हे होणार नाही. हे स्थानिक माणसांच्या हौसेनंच होतं.

हौस दांडगी आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी ही बेळगावभोवतालची गावं. आणि इकडे दूधगंगेकाठचं कारदगा, आधी चिकोडी तालुक्यातलं, आता निपाणी तालुक्यातलं. इथे गावाच्या वर्गणीवर मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, पाहुण्या साहित्यिकाला बैलगाडीत बसवण्याची हौस असते, दुपारी जेवणावळ उठते. शहरी समीक्षकांनी नाकं मुरडली तरी हजारो माणसं उन्हात बसून कविता ऐकतात, हे मला थोर वाटतं. फक्त माझा एक आडवा प्रश्न असतो. एका संमेलनाचा मांडव, लाउडस्पीकर आणि जेवण यांवर जेवढं जातं, त्याचा चौथा हिस्सा दरवर्षी बाजूला पडला असता तर त्या गावात आज पूर्णवेळ ग्रंथपाल असता का? दिंडीतल्या पालखीत ठेवलेले ग्रंथ दुसऱ्या दिवशी कुठल्या कपाटात जातात? ज्या गावात याचं उत्तर चटकन मिळतं, तिथली संमेलनं टिकाऊ आहेत.

आग लागली, पूर आला, की माणसं वाचनालयासाठी धावतात. रोजच्या मरणासाठी धावत नाहीत. म्हैसूरमध्ये सय्यद इसाक नावाचा मजूर, गटारसफाईची आणि पडेल ती कामं करणारा, स्वतःच्या मजुरीतून सार्वजनिक वाचनालय चालवत होता. अकरा हजारांच्या आसपास पुस्तकं, बहुतेक कन्नड. भगवद्गीतेच्या प्रतीच तीन हजारांवर. ९ एप्रिल २०२१ च्या पहाटे ते जळून खाक झालं. बातमी पसरली, इंटरनेटवर मदतीचं आवाहन झालं आणि थोड्याच दिवसांत सुमारे २९ लाख रुपये जमले. सरकारने वाचनालय बांधून द्यायचं जाहीर केल्यावर ती मोहीम थांबवून पैसे देणगीदारांना परत पाठवण्यात आले. वाचताना मी चमकलो. व्यवहार म्हणून ते स्वच्छ होतं. ज्या कामासाठी घेतलं ते काम दुसरा करतोय, तर परत करा. पण सरकार भिंती बांधणार होतं. त्या २९ लाखांची ठेव केली असती तर सात टक्क्यांनी वर्षाला दोन लाखांवर व्याज आलं असतं, आणि ज्या माणसाने दहा वर्षं मजुरीतून वर्तमानपत्रं घेतली त्याला आयुष्यभर पगार मिळाला असता. आवाहन ‘वाचनालय पुन्हा बांधू या’ असं होतं. ‘वाचनालय चालवू या’ असं असतं तर पैसे परत करायची वेळच आली नसती.

पुराचा विषय निघालाच आहे तर जागेबद्दल. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं, ग्रंथ भिजले. लोकांनी पैसा आणि पुस्तकं दिली, ते उभं राहिलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा तेच. कोकणी चिवटपणाला नमस्कार आहे. पण आमचा पट्टा कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठाचा. २००५, २०१९, २०२१ ही सालं इथेही पाठ आहेत. कारदगा, सदलगा, मांजरी, येडूर या बाजूच्या माणसाला सांगावं लागत नाही की फुकट मिळालेली जागा बहुधा का फुकट मिळते. देणगीदार पिकाच्या उपयोगाचा नसलेला, ओढ्याकडचा गुंठा देतो आणि समिती कृतज्ञतेने बक्षीसपत्र करून घेते. घेऊ नये. गोड बोलून नाही म्हणावं, किंवा तिथे खाली वाहनतळ सोडून वर हॉल चढवायचा खर्च आधीच हिशेबात धरावा. ग्रंथ उन्हात वाळवता येतात ही समजूतही सोडावी. चिखल बसलेलं पान उन्हात ठेवलं की फळीसारखं आखडतं आणि उलगडताना तुटतं.

पैशाच्या आणखी काही वाटा आहेत, त्या पटकन सांगतो. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या सार्वजनिक वाचनालयांना पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी साहाय्य देतं. अर्ज किचकट आणि उत्तर सावकाश. महाराष्ट्र सरकारकडून सीमाभागातल्या मराठी संस्थांना मदत मिळू शकते, पण तिचा भरवसा मंत्रालयातल्या हवेवर. साखर कारखाने आणि पतसंस्था यांच्याकडे दानाचा निधी असतो. तो मागताना वार्षिक सभेच्या आधीचा महिना धरावा. आणि प्राप्तिकराची सवलत देणारी नोंदणी संस्थेने पहिल्याच वर्षी करून घ्यावी, नाहीतर पुण्या-बंगळुरात नोकरीला असलेली चिकोडीची पोरं फोनवर ‘हो’ म्हणतात आणि मार्च उलटून जातो.

भाषेबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं. निपाणी आणि चिकोडी यांच्यात अंतर तासाभराचंही नाही, पण बाजारातलं बोलणं बदलतं. निपाणीत मराठीचा जोर, चिकोडीत कन्नडचा. मधल्या गावांत एकाच घरात आजी मराठीत ओव्या म्हणते आणि नातू कन्नड माध्यमात गणित शिकतो. १९४६ च्या बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हापासून इथल्या प्रत्येक मराठी पाटीवर सत्तर-ऐंशी वर्षांचं ओझं आहे, आणि ते मी हलकं समजत नाही. बेळगावचं वाचनालय मराठीच राहावं. त्याचा इतिहास तसा आहे. पण चिकोडीत आज नवं वाचनालय काढायचं आणि वर्गणी सगळ्या पेठेकडून घ्यायची, तर कपाटं दोन्ही भाषांची हवीत. हे औदार्य म्हणून मी सांगत नाही. ज्या लिंगायत व्यापाऱ्याने पंचवीस हजार दिले, ज्या जैन शेतकऱ्याने सिमेंटची पोती पाठवली, त्यांच्या नातवाला तिथे वाचायला काही नसेल तर दुसऱ्या वर्षी ते पावतीपुस्तकाला दार उघडणार नाहीत. कदाचित मराठी समितीतल्या काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही. पण बेंद्रे धारवाडचे कन्नड कवी होते आणि त्यांच्या घरात मराठी बोलली जात होती, हे त्याच ज्येष्ठांनी मला लहानपणी सांगितलेलं आहे.

दोन्ही कपाटं सांभाळायला दोन्ही लिप्या वाचणारा माणूस हवा. दाखल नोंदवहीत कन्नड पुस्तकाचं नाव मराठीत लिहून ठेवलं की ते पुस्तक हरवलंच समजा. असा माणूस या पट्ट्यात दुर्मीळ नाही. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या, दोन्ही भाषांत सहज वावरणाऱ्या मुली इथल्या कॉलेजांतून दरवर्षी बाहेर पडतात, वर्षभर वाट बघतात आणि शेवटी एखाद्या शोरूममध्ये बिलं करायला लागतात, कारण तिथे महिन्याच्या एक तारखेला पगार होतो. त्यांना ‘समाजसेवा म्हणून ये’ असं सांगणं मला निलाजरेपणाचं वाटतं. समितीतला एकही वकील समाजसेवा म्हणून खटला चालवत नाही.

तेव्हा चिकोडीत असं काही ठरतच असेल तर क्रम उलटा करावा. पहिलं वर्ष भाड्याच्या दोन खोल्यांत काढावं. जुन्या पेठेत वरच्या मजल्यावर अशा खोल्या मिळतात. जमेल त्या वर्गणीतला निम्म्याहून मोठा हिस्सा ठेवीत जावा आणि पावतीवर तसं छापलेलं असावं, म्हणजे पुढच्या अध्यक्षाला तो मोडून फरशी बसवता येणार नाही. नगरपालिकेकडे उपकराचा लेखी हिशेब मागावा आणि बडोद्याच्या नियमाचा अर्ज करावा: आम्ही यंदा एवढे जमवले, तेवढेच तुम्ही घाला. नकार आला तरी अर्ज दरवर्षी जावा. पायाभरणीची निमंत्रणपत्रिका छापायला टाकण्याआधी ग्रंथपालाच्या जागेची जाहिरात दोन्ही भाषांतल्या वर्तमानपत्रांत यावी: पूर्णवेळ, पगार तारखेला, भविष्यनिर्वाह निधीसह. अर्ज किती येतात ते बघून मग वास्तुविशारदाकडे जावं.